काठी, मूठ आणि भरती: सूर्य, चंद्र, पृथ्वी यांचं नातं बडोद्यातून स्वतः मोजून पाहण्यासाठी

२२ जुलै २००९, बुधवार. आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. सासूबाईंनी समया, निरांजनं, लामणदिवा आदल्या दिवशीच चिंच लावून घासून ठेवले होते. ग्रहण सुटेपर्यंत पूजा नाही, म्हणून सगळे दिवे ओट्यावर फडक्यावर पालथे घातलेले. आम्ही पहाटे दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या अगाशीवर गेलो. (गच्चीला आमच्या घरी अगाशीच म्हणतात, तेव्हा इथेही तसंच लिहिते.) पूर्वेकडे पावसाळी ढग दाटलेले, सूर्य काही दिसला नाही. पण सव्वासहा वाजून गेल्यावर, उजेड वाढायच्या वेळेला तो कमी व्हायला लागला. समोरच्या पिंपळावरचे कावळे एकदम गप्प झाले. पश्चिमेकडून अंधार आला, खाली दूधवाल्याने स्कूटरचा दिवा लावला, आणि त्याने किटलीचं झाकण बसवेपर्यंत ढग पुन्हा राखाडी झाले होते.

ती चंद्राची सावली होती. खंबातच्या आखाताच्या बाजूने आली आणि सुरत, बडोदा, भोपाळ, वाराणसी, पाटणा असं करत चीनकडे निघून गेली. पुढे पॅसिफिक महासागरावर ती एका जागी ६ मिनिटं ३९ सेकंद टिकली. या शतकातलं सर्वांत लांबलेलं खग्रास सूर्यग्रहण तेच. सूर्य दिसला नाही याचं दुःख झालं, पण पंचांगात छापलेल्या वेळेला, ढगांना न जुमानता, अंधार आला याने मी हलले. त्याच आठवड्यात एक शंभरपानी वही घेतली. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचं एकमेकांवर काय चालतं हे दुर्बिणीशिवाय, बडोद्यात राहून किती मोजता येतं, ते त्या वहीत आहे. त्यातलं नीट जमलेलं इथे क्रमाने लिहिते. एक वर्ष हाताशी ठेवा.

लागणारं सामान

एक मीटरभर सरळ पीव्हीसी पाइप, वाळूने भरलेली बादली, गवंड्याकडचा ओळंबा आणि पाणसळ, दीड मीटर लांबीची प्लायवूडची पट्टी, मोजपट्टी, लोखंडी वॉशर, खडू, वही आणि घरचं पंचांग. पंचांग अगदी हवंच, कारण चंद्राच्या प्रत्येक मापाचा ताळा त्याच्याशीच घ्यायचा आहे.

पहिली पायरी: काठीची सावली

आमची पहिल्या तीन महिन्यांची मापं वाया गेली. अगाशीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. सावली थेट फरशीवर मोजली की चूक ठरलेली. म्हणून आधी पाणसळीने सपाट कोपरा शोधा. पाइप वाळूच्या बादलीत रोवा, दोन बाजूंनी ओळंबा धरून सरळ करा. वरच्या टोकाला वॉशर आडवा चिकटवा. सूर्य हा ठिपका नसून अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे काठीच्या टोकाची सावली एक सेंटिमीटरभर पुसट पडते. वॉशरच्या भोकातून मात्र उजेडाचा छोटा गोल पडतो आणि त्याचा मध्य धरता येतो. वॉशरची उंची सावली पडते त्या पृष्ठभागापासून बरोबर १ मीटर ठेवा.

आता दिशा. होकायंत्र नको. सकाळी दहाच्या सुमाराला जिथे उजेडाचा गोल पडेल, तेवढी त्रिज्या घेऊन काठीभोवती खडूने वर्तुळ काढा आणि ती जागा खूण करून ठेवा. दुपारी गोल पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की ती पूर्व-पश्चिम रेषा. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी मांडण्यासाठी हीच रीत दिली आहे, आणि अजून तिच्याइतकी सोपी रीत मला सापडलेली नाही. त्या रेषेला काटकोनात उत्तर-दक्षिण रेषा काढा आणि तिच्यावर प्लायवूडची पट्टी पाणसळीने सपाट करून बसवा.

ज्या क्षणी उजेडाचा गोल या पट्टीच्या मध्यरेषेवर येतो, तो आपला खरा मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, बडोदा ७३.२ अंशांवर. पृथ्वीला एक अंश वळायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपला मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी येतो. त्यातही वर्षभर तो मागेपुढे होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२१, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५१. कारण पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट थोडी लांबट आहे, तिचा वेग सारखा नाही, आणि आस कललेला आहे.

दर आठवड्याला एकदा मध्यान्हीची सावली मोजा. बडोद्यात एक मीटर उंचीची सावली २१-२२ डिसेंबरला सुमारे १०२ ते १०३ सेंटिमीटर भरते, २१ मार्चच्या आसपास ४१ सेंटिमीटर. जूनच्या ४ तारखेच्या सुमाराला ती नाहीशी होते, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर महिनाभर ती काठीच्या दक्षिणेला पडते, २१ जूनला जेमतेम २ सेंटिमीटर, आणि जुलैच्या ८-९ तारखेला पुन्हा शून्य. हा दुसरा दिवस आपल्याकडे बहुतेक ढगांत जातो, म्हणून जूनचा चुकवू नका. कर्कवृत्त बडोद्याच्या उत्तरेला आहे, म्हणून हे आपल्याला दोनदा मिळतं. ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना एकदाही नाही.

एवढ्या एका काठीने ऋतूंचा प्रश्न सुटतो. पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला आहे, म्हणून डिसेंबरात ऊन तिरपं पडतं आणि दिवस पावणेअकरा तासांचा असतो, जूनमध्ये ऊन सरळ आणि दिवस साडेतेरा तासांचा. सूर्य जवळ आला की उन्हाळा, असं पुष्कळांच्या मनात असतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाखांवर.

वहीतला उत्तरायणाचा घोळ

१४ जानेवारीला बडोद्यात अगाशीवर पाय ठेवायला जागा नसते. पतंग, फिरकी, शेजारच्या अगाशीवरून "काप्यो" म्हणून आरोळी. सगळा गुजरात या दिवसाला उत्तरायणच म्हणतो, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस. आता वही उघडा. त्या दिवशीची मध्यान्हीची सावली ९५ सेंटिमीटर. म्हणजे २२ डिसेंबरपासून ती सात सेंटिमीटरने आखूड झालेली आहे! सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला.

सण चुकला का? मकर संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, सूर्य मकर राशीत शिरतो तेव्हा. काठी मात्र पृथ्वीच्या आसाकडे पाहते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एकच होते. मधल्या काळात आसाची दिशा सरकली, आणि तिला सरकवणारे सूर्य आणि चंद्रच आहेत. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटरने जास्त आहे. या फुगीर पट्ट्याला चंद्र आणि सूर्य ओढतात, आणि फिरणारी पृथ्वी सरळ व्हायच्या ऐवजी भोवऱ्यासारखी मान डोलावते. एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांची, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. या ओढीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीच्या आसपास आहे. सावलीतले सात सेंटिमीटर हे चंद्र आणि सूर्य यांचं १७०० वर्षांचं काम आहे. मला या एका मापाइतका आनंद वहीतल्या दुसऱ्या कशाने झाला नाही.

दुसरी पायरी: अंतरं डोळ्यांत भरवून घ्या

विश्वामित्रीकाठचं कीर्तिमंदिर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सयाजीराव महाराजांनी ते १९३६ साली बांधलं. आतली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघून लोक बाहेर पडतात, पण शिखराकडे मान वर करून पाहा: तिथे ब्राँझचे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत. शिल्पात तिघे शेजारी बसतात. खरं अंतर समजायला टेनिसचा चेंडू घ्या, ती पृथ्वी. चंद्र म्हणजे पावणेदोन-दोन सेंटिमीटरची मोठी गोटी. मुलांना गोटी कुठे ठेवायची विचारलं की ती चेंडूपासून वीतभर अंतरावर धरतात. तिची खरी जागा दोन मीटर लांब आहे. आणि सूर्य? सव्वासात मीटर व्यासाचा गोळा, जवळजवळ ८०० मीटर दूर, म्हणजे चालत दहा मिनिटांवर.

हे एकदा करून पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट दूर, म्हणून आकाशात दोघे सारखेच दिसतात, आणि म्हणूनच खग्रास ग्रहण होतं.

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो असं आपण म्हणतो. खरं तर दोघांची फुगडी चालते. थोरली आणि धाकटी फुगडी घालतात तेव्हा दोघी फिरतात, फक्त थोरलीचा घेर लहान असतो. पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड. त्यामुळे फुगडीचा मध्यबिंदू पृथ्वीच्या पोटातच, तिच्या केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर पडतो. त्या बिंदूभोवती पृथ्वी महिन्याला एक गिरकी घेते, आणि सूर्याभोवतीच्या वाटेवर खरा गुळगुळीत चालतो तो हा बिंदू.

तिसरी पायरी: पंधरा संध्याकाळी चंद्रासाठी

अमावास्येनंतरच्या द्वितीयेपासून सुरू करा. सूर्य मावळल्यावर अगाशीवर एकाच जागी उभे राहा. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते, मग हात लहान असो की मोठा. सूर्य जिथे मावळला तिथपासून चंद्रापर्यंत किती मुठी होतात ते मोजा आणि शेजारी त्या दिवसाची तिथी लिहा.

चार-पाच दिवसांत लक्षात येईल की आकडा रोज सव्वा मुठीच्या आसपास वाढतो. तिथीची व्याख्याच ती आहे: चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी. अष्टमीच्या सुमारास नऊ मुठी, म्हणजे ९० अंश. मावळतीच्या वेळी चंद्र दक्षिणेकडे उंच असतो आणि अर्धा उजळलेला. पौर्णिमेला एकीकडे सूर्य टेकतो आणि पाठीमागे चंद्र वर येतो. तिघे एका रांगेत, आपण मधे. कला पृथ्वीच्या सावलीने होतात हा समज इथेच गळून पडतो, कारण अष्टमीच्या चंद्रावर पृथ्वीची सावली पडायची तर सूर्य आपल्या पाठीमागे हवा, आणि तो तर बाजूला नऊ मुठींवर असतो. शंका राहिली तर अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा, हातात चेंडू धरून स्वतःभोवती फिरा. अर्धा चेंडू कायम उजळलेला राहतो. आपल्याला त्यातला किती दिसतो, तेवढंच बदलतं.

द्वितीया-तृतीयेला आणखी एक गोष्ट बघा. कोरीच्या आत चंद्राचा उरलेला काळा भाग पुसट राखाडी दिसतो. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, पृथ्वीवरच्या ढगांवरून आणि समुद्रांवरून उडून चंद्रावर जातो आणि तिथून परत आपल्या डोळ्यांत येतो. तिघांचं नातं एका नजरेत पाहायचं असेल तर ते इथे. सुरसागर तळ्याच्या काठावरून पश्चिमेकडे हे फार छान दिसतं.

कृष्ण पक्षात काम सोपं आहे, संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात तर फारच. चंद्रोदयाच्या वेळा लिहून ठेवा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. कधी चाळीस, कधी तासभर. एका दिवसात तो आपल्या वाटेवर सुमारे १३ अंश पुढे सरकलेला असतो, आणि तेवढं जास्त वळायला पृथ्वीला वेळ लागतो. नागपूरच्या मावशीचा उपास आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी सुटतो, तो पृथ्वी पूर्वेकडे वळते म्हणून.

वर्षभर वही ठेवली की अधिक महिनाही समजतो. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत २९.५३ दिवस. असे बारा महिने ३५४ दिवसांचे, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. ही तूट साठत जाते आणि साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक महिनाभर होते. मग पंचांग एक महिना वाढवतं, आणि आपण जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ. ईदचा चंद्र पाहणारे आपले शेजारी ही भर घालत नाहीत, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि सगळ्या ऋतूंतून फिरते.

चौथी पायरी: भरती बघायला कावी-कंबोईला जा

बडोद्याला समुद्र नाही अशी आपली समजूत. पण जंबुसरवरून पुढे गेलं की साधारण ७५-८० किलोमीटरवर, मही नदी खंबातच्या आखाताला मिळते तिथे कावी-कंबोई आहे, आणि तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं. ओहोटीत माणसं आत जाऊन दर्शन घेतात, काही तासांनी तिथेच पाणी असतं. भरती-ओहोटी शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

जायचा दिवस पौर्णिमेनंतरचा किंवा अमावास्येनंतरचा दुसरा दिवस धरा. तेव्हा उधाण असतं. निघण्याआधी त्या दिवशीच्या भरतीची वेळ छापील कोष्टकातून किंवा देवळात फोन करून खात्रीने घ्या, आणि ओहोटीची वेळ गाठून पोचा. काठावरची एखादी पायरी किंवा कठड्यावरची खूण नजरेत ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठे आलं ते लिहा. पहिल्या तासात फारसं होत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत भराभर चढतं, आणि माथ्यापाशी पुन्हा मंदावतं. आम्ही गेलो तेव्हा नातीने पायरीवर खडूने रेघ ओढली होती. वहीत वेळ लिहून मान वर करेपर्यंत ती रेघ पाण्याखाली गेलेली होती.

एक गोष्ट कडक पाळा: ओहोटीत उघड्या पडलेल्या गाळात चालत जाऊ नका. तो गाळ पाय धरतो, आणि इथलं पाणी चालणाऱ्या माणसाला गाठतं. मुलांना देवळाच्या वाटेबाहेर सोडू नका. तिथले लोक थांबा म्हणाले की थांबायचं.

आता हे होतं कसं. चंद्राने पाणी वर ओढलं, एवढंच सांगितलं तर चंद्राच्या बाजूला भरती समजते, मग त्याच वेळी पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूलाही भरती का? तीन सायकली उतारावरून निघाल्यात अशी कल्पना करा. पुढच्याचा उतार जास्त, मधल्याचा बेताचा, मागच्याचा कमी. मधल्याला काय दिसेल? पुढचा पुढे निघून चाललाय आणि मागचा मागे पडतोय. दोघेही आपल्यापासून लांब जाताहेत. चंद्राकडचं पाणी पुढची सायकल, पृथ्वीचा गाभा मधली, पलीकडचं पाणी मागची. ओढीतला फरक म्हणजे भरती. म्हणून दोन फुगवटे, आणि पृथ्वी त्यांच्याखालून फिरते म्हणून दिवसातून दोन भरत्या. त्यांच्यामधलं अंतर १२ तास २५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी तीच भरती ५० मिनिटं उशिरा. तिसऱ्या पायरीवरच्या चंद्रोदयाचा आकडा आठवला ना? तोच हा.

फरक म्हटलं की सूर्याचंही कोडं सुटतं. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट आहे. तरी भरतीतला त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, कारण तो इतका दूर आहे की पृथ्वीच्या या टोकाला आणि त्या टोकाला त्याची ओढ जवळपास सारखीच पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे जोर एका रेषेत येतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात आणि एकमेकांना खोडतात, त्याला कोकणात भांग म्हणतात. जमलं तर कावी-कंबोईला एकदा भांगाच्या दिवशीही जाऊन त्याच पायरीवर रेघ ओढा. फरक डोळ्यांनी दिसेल.

खंबातचं आखात मात्र चंद्राच्या हिशेबात स्वतःची भर घालतं. त्याचं तोंड रुंद आणि आतला भाग निमुळता व उथळ, नरसाळ्यासारखा. आत शिरणाऱ्या पाण्याला बाजूला जायला जागा नाही, ते वर चढतं. मुंबईला उधाणात चार-पाच मीटरचा चढउतार होतो. भावनगरजवळ तो १० मीटरांच्या वर जातो, तीन मजली घराएवढा. वेळाही बदलतात. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईकडे हे बऱ्यापैकी जुळतं. आपल्याकडे त्यात काही तास मिळवावे लागतात, कारण लाटेला आखाताच्या टोकापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. दोन-तीन फेऱ्या केल्या की कावी-कंबोईसाठी किती तास मिळवायचे ते तुमच्या वहीतच निघेल.

भरतीची किंमत कोण देतं

एवढं पाणी रोज दोनदा तळाला घासत जातं, ते फुकट होत नाही. पृथ्वीची गिरकी त्याने मंदावते. दिवस शतकाला सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो. फार थोडं वाटतं, पण जुन्या पोवळ्यांच्या जीवाश्मांवर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा असतात आणि त्या १९६३ साली जॉन वेल्स यांनी मोजल्या: सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी वर्षात ४०० च्या आसपास दिवस होते. वर्ष तेवढंच, दिवस लहान.

पृथ्वीने गमावलेली ही फिरकी चंद्राच्या वाट्याला येते. फिरत्या पृथ्वीबरोबर फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो आणि तो चंद्राला पुढे खेचतो. चंद्र वरच्या वाटेवर सरकतो. वर्षाला ३.८ सेंटिमीटर, साधारण आपली नखं वाढतात तेवढं. १९६९ ते १९७१ या काळात अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यांच्यावर लेझर मारून हे मोजलं आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असा एक छोटा परावर्तक आहे.

पृथ्वीनेही चंद्राला सोडलेलं नाही. तिच्या ओढीने चंद्राची स्वतःभोवतीची फेरी इतकी मंदावली की आता ती पृथ्वीभोवतीच्या फेरीइतकीच आहे, २७.३ दिवस. म्हणून आजीने दाखवलेला ससा आपल्या नातवंडांनाही तसाच दिसतो. उलट चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा कल फारसा ढळत नाही. मंगळाजवळ असा मोठा चंद्र नाही, आणि लाखो वर्षांत त्याचा कल खूप मोठ्या फरकाने डोलत आलेला आहे.

सूर्य ओढीखेरीज आणखी काही पाठवतो, ते अगाशीवरून दिसत नाही. १०-११ मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानले इथून आकाश लाल झालेलं टिपलं गेलं. अशा वादळांवर इस्रोचं आदित्य-एल१ हे यान नजर ठेवून आहे. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ बसतो त्या जागी पोचलं.

पाचवी पायरी: ग्रहणाची तयारी

दर अमावास्येला सूर्यग्रहण का नाही, हे भरतकामाच्या दोन रिंगांनी दाखवता येतं. एकात एक अडकवा आणि आतली किंचित, ५ अंश तिरपी करा. एक सूर्याची वाट, दुसरी चंद्राची. त्या दोनच जागी छेदतात: राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या छेदांजवळ पडली तरच ग्रहण, एरवी चंद्र वरून किंवा खालून निघून जातो. हे छेदही स्थिर नाहीत, सूर्याच्या ओढीने ते मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात.

या सगळ्या चाकांचा मेळ १८ वर्षं आणि ११ दिवसांनी पुन्हा बसतो. २२ जुलै २००९ मध्ये ते मिळवा: २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी खरोखरच सूर्यग्रहण आहे, त्याच मालिकेतलं. वर एक तृतीयांश दिवस उरतो, तेवढ्यात पृथ्वी आणखी तिसरा भाग वळते, म्हणून गडद सावली या वेळी स्पेन आणि उत्तर आफ्रिकेवरून जाईल. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ अंधार असेल. बडोद्यात ते दुपारी उशिरा खंडग्रास दिसेल. पुढची फेरी १२ ऑगस्ट २०४५ ला अमेरिकेवरून, आणि तिसरी २४ ऑगस्ट २०६३ ला पुन्हा आशियात.

खंडग्रास असल्यामुळे एकही क्षण नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचं नाही. काळी काच, एक्स-रेची फिल्म, साधे गॉगल चालत नाहीत. ग्रहणासाठीचे प्रमाणित चष्मेच घ्या आणि त्यावर ओरखडा असला तर फेकून द्या. लहान मुलांसाठी सर्वांत चांगला उपाय पहिल्या पायरीवरचा वॉशर. सूर्याकडे पाठ करा आणि त्याच्या भोकातून जमिनीवर पडणारा गोल बघा. तो चावलेल्या भाकरीसारखा एका बाजूने कमी झालेला दिसेल. झाडाखाली पानांच्या फटींतूनही असेच शेकडो तुकडे पडतात. ढग असतील तर उजेड आणि पक्ष्यांचे आवाज यांची नोंद ठेवा, २००९ साली आमच्याकडे तेवढंच होतं.

२ ऑगस्ट २०२७ ला तिथी आषाढ अमावास्याच आहे, वार सोमवार. ग्रहण त्या दिवशी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सुटेल, तेव्हा या वेळी समया पालथ्या घालून ठेवल्या तरी तिन्हीसांजेला लावता येतील.